भांड्याला भांडं लागणारच : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

गेल्या अंकात 'लाइफ इज स्वीट' या ब्रिटिश चित्रपटावर लेख आला होता. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेतले आहेत. चित्रपट न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात कथा सांगतो. माइक ली यांचा हा १९९० चा चित्रपट १०३ मिनिटांचा आहे. तो उत्तर लंडनच्या एनफिल्ड भागात घडतो आणि चित्रितही तिथेच झाला. अँडी एका मोठ्या कँटीनमध्ये आचारी आहे. त्याची बायको वेंडी लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात काम करते, शिवाय छोट्या मुलींना नाच शिकवते. त्यांना विशीतल्या जुळ्या मुली आहेत. नॅटली प्लंबरचं काम करते, तर निकोला दिवसभर घरात बसून प्रत्येकावर खेकसते. अँडी एका मित्राच्या नादानं खाण्याची गंजकी गाडी विकत घेतो, ऑब्री नावाचा दुसरा मित्र हॉटेल काढतो आणि निकोला रात्री दार लावून चॉकलेटं कोंबते नि ओकते.

पोरगी रात्री ओकते आणि तरी याला विनोदी चित्रपट म्हणतात. हे पटत नाही. हसायचं नेमकं कशाला? (वाचक, मंगळवार पेठ)

त्या प्रसंगाला कोणी हसत नाही आणि हसावं अशी अपेक्षाही नाही. पण त्याआधी आपण ज्याला हसलो, त्याच घरात आणि त्याच भिंतींमध्ये तो प्रसंग घडतो. भिंत पातळ आहे. पलीकडे नॅटली अंथरुणात जागी पडून सगळं ऐकते. सकाळी ती कामावर जाते आणि कोणाला एक अक्षर बोलत नाही. घरात असंच चालतं हे ज्याला माहीत आहे, त्याच्या पोटात तिथं गोळा येतो.

वेंडीचं हसणं मुद्दाम ऐका. ॲलिसन स्टेडमन यांनी ते असं ठेवलंय की पहिली वीस मिनिटं ते कानाला टोचतं. वाक्य संपलं की हसू, नवरा काही बोलला की हसू. मग शेवटाकडे निकोलाच्या खोलीत आई-मुलीची समोरासमोर गाठ पडते. दिवस गेले म्हणून शिक्षण अर्धवट सोडावं लागलं, पैसा नव्हता, तरी आम्ही हार मानली नाही, असं आई सांगते. तेव्हा कळतं की ही बाई हसत हसत घर ओढत आली आहे. त्या हसण्याची किंमत आपल्याला उशिरा कळते. अमेरिकेच्या नॅशनल सोसायटी ऑफ फिल्म क्रिटिक्सनं १९९१ सालासाठी सर्वोत्तम चित्रपट, अभिनेत्री (स्टेडमन) आणि सहायक अभिनेत्री (निकोला झालेल्या जेन हॉरॉक्स) असे तिन्ही मान या चित्रपटाला दिले, ते रास्तच होतं.

आता ऑब्रीच्या हॉटेलातले पदार्थ पाहा. बिअरमध्ये शिजवलेली कलेजी आणि वजडीचं सूफ्ले. वजडी कोल्हापूरकरांना नवी नाही, तिच्यात हसण्यासारखंही काही नाही. पण सूफ्ले म्हणजे अंड्याचा पांढरा बलक फेसून त्यात कोंडलेल्या हवेवर उभा राहणारा पदार्थ. ओव्हनच्या उष्णतेनं ती हवा फुगते आणि पदार्थ वर येतो. त्यात जड, ओलसर काही पडलं की फेस दबतो. वजडी दोन-तीन तास उकळल्याशिवाय मऊ होत नाही आणि शिजल्यावरही पाणी धरून असते. म्हणजे हा पदार्थ भांड्यातच बसणार. ऑब्रीला ते कळत नाही. त्याला वाटतं, आपण फार मोठं काहीतरी करतोय. टिमथी स्पॉल यांनी ही भूमिका डोळा न मिचकावता केली आहे. उद्घाटनाच्या रात्री एकही गिऱ्हाईक येत नाही. चित्रपटातल्या कोणालाच आपण विनोदी चित्रपटात आहोत हे माहीत नसतं, म्हणून तो विनोद टिकतो.

निकोलाच्या टी-शर्टवर पोल टॅक्सला शिवी का आहे? (वाचक, कागल)

इंग्लंडमध्ये घरफाळ्यासारखा कर घराच्या अंदाजी भाड्यानुसार होता. तो काढून माणशी ठरावीक रक्कम लावली, तोच पोल टॅक्स. तो एप्रिल १९९० पासून लागू झाला. बंगल्यातला एकटा श्रीमंत एक वाटा भरणार आणि दोन खोल्यांतली चार प्रौढ माणसं चार वाटे भरणार. ३१ मार्च १९९० ला लंडनमध्ये त्यावरून मोठी दंगल झाली, नोव्हेंबरमध्ये पंतप्रधान थॅचरबाई पायउतार झाल्या आणि १९९३ मध्ये तो कर गेला. निकोला टी-शर्ट घालते, पण घराबाहेर पडून काहीच करत नाही. चित्रपट हे बोलून दाखवत नाही, नुसतं दाखवतो.

आम्ही शिवाजी पेठेतली हौशी नाटकवाली पाच जणं आहोत. ली पटकथा लिहीत नाहीत, नट आयत्या वेळी बोलतात, असं ऐकलं. तशी वीस मिनिटांची शॉर्टफिल्म करायची आहे. कशी करावी?

तुम्ही ऐकलंय ते अर्धंच खरं आहे. सुरुवातीला पटकथा नसते, हे बरोबर. पण कॅमेऱ्यासमोर सुचेल ते बोललं जात नाही. आयत्या वेळचं बोलणं तालमीत, काही महिने आधी होतं. चित्रीकरणाच्या वेळी वाक्य न् वाक्य पक्कं झालेलं असतं. हे न समजता कॅमेरा लावून 'बोला काहीतरी' म्हटलं, तर हाती येतं ते फक्त भांडण. चिडणं हा सगळ्यात सोपा अभिनय आहे, म्हणून घाबरलेला नट आधी आवाज चढवतो.

संध्याकाळचे दोन तास, आठवड्याला पाच दिवस, असे सहा आठवडे धरा. साठ तास झाले. एकानं दिग्दर्शन करायचं, चौघांनी अभिनय.

पहिले दोन आठवडे प्रत्येक नटानं दिग्दर्शकाला एकट्यानं भेटायचं. नटानं ओळखीच्या पंधरा-वीस खऱ्या माणसांची यादी आणायची. त्यात दूध घालणारी मावशी असेल, लेथवरचा (लोखंड कातायच्या यंत्रावरचा) मिस्त्री असेल किंवा लग्न मोडलेला चुलतभाऊ असेल. दिग्दर्शक त्यातला एक निवडतो किंवा दोघांचं मिश्रण करतो. बाकीचे काय करताहेत हे त्या नटाला सांगायचं नाही. मग त्या पात्राचं आयुष्य जन्मापासून आजपर्यंत रचायचं. शाळा कुठली, पहिला पगार किती, पतपेढीचा हप्ता किती, पाठदुखी कधीपासून, हे सगळं त्यात यावं.

त्याच काळात पात्राचं काम शिकायचं. यात चालढकल चालत नाही. पात्र उद्यमनगरात लेथवर काम करणार असेल, तर मालकाची परवानगी घेऊन नटानं आठ दिवस मशिनपासून सुरक्षित अंतरावर उभं राहावं. टर्नर कामाला लागण्याआधी अंगठी का काढतो, शर्टाच्या बाह्या का दुमडतो, लोखंडाचा कीस हातानं न ओढता आकड्यानं का ओढतो, हे तिथं कळतं. फिरत्या जॉबमध्ये, म्हणजे लेथवर चढवलेल्या लोखंडाच्या तुकड्यात, काहीही अडकलं तर ते हातासकट आत जातं, म्हणून. हाच माणूस घरी आल्यावर मोरीत कपड्याची पावडर चोळून हात धुतो, तरी नखांच्या कडा काळ्याच राहतात, आणि पांढऱ्या भाताला हात लावण्याआधी तो एकदा बोटांकडे बघतो. असं एक बघणं हाती लागलं की पानभर संवाद वाचतो.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात दोन पात्रं एका खोलीत आणा. कथा द्यायची नाही. पहिला तासभर काहीच घडलं नाही तरी चालेल. प्रत्येकाच्या हाताला काम द्या, लसूण सोलणं, इस्त्री, पंक्चर काढणं, काहीही. दिग्दर्शकानं थांबा म्हटलं की आधी पात्रातून बाहेर यायचं आणि मगच चर्चा करायची, तीही 'ती असं का बोलली' अशी, 'मी असं का बोलले' अशी नव्हे. हा नियम मोडला की नट पात्राची वकिली करू लागतो.

पात्राला जेवढं माहीत, तेवढंच नटाला माहीत असावं. ली यांच्या २००४ च्या 'व्हेरा ड्रेक'मध्ये आई चोरून बायकांचे गर्भपात करते. तालमीत पोलिस दारात येईपर्यंत घरच्यांच्या भूमिका करणाऱ्या नटांना ते ठाऊक नव्हतं. त्यांच्या चेहऱ्यावरचा धक्का तिथून आला. म्हणून तुमच्या पाच जणांचा व्हॉट्सॲप ग्रुप या सहा आठवड्यांत बंद ठेवा. अशा प्रयोगांचं घोडं बहुतेक वेळा तिथंच पेंड खातं, एक जण गंमत म्हणून काहीतरी फोडतो आणि चार दिवसांची मेहनत पाण्यात जाते.

पाचव्या आठवड्यात दिग्दर्शकानं दोन पानांचा आराखडा लिहावा, एका प्रसंगाला एक ओळ. सहाव्यात प्रत्यक्ष घरात जाऊन एकेक प्रसंग पुन्हा खेळायचा, काटायचा, पुन्हा खेळायचा. वीस मिनिटांच्या बोलण्यातून एक मिनिट उरलं तर तालीम चांगली झाली. एकानं उरलेली वाक्यं वहीत लिहून घ्यावीत. टाळीचं वाक्य सापडलं की ते लगेच पक्कं करायचा मोह होतो. थांबा. तिसऱ्या दिवशीही ते पात्राच्या तोंडी शोभलं तरच ठेवा. त्यानंतर चार दिवस चित्रीकरण.

दहा बाय दहाच्या स्वयंपाकघरात चित्रीकरण करताना सगळं कोंदट, पिवळं आणि गोंगाटाचं येतं. काय चुकतं? (वाचक, राजारामपुरी)

तीन गोष्टी एकदम चुकतात. जागा कमी म्हणून लोक फार रुंद लेन्स लावतात. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरच्या खाली गेलात की कडेचा चेहरा ताणला जातो, मग प्रेक्षक माणसाला न हसता लेन्सला हसतो. त्यापेक्षा कॅमेरा खोलीबाहेर न्या. सोप्यातून, दाराच्या चौकटीतून किंवा खिडकीच्या गजांतून ३५ मिलिमीटरनं घ्या. चौकट दिसली तर उत्तमच, घर लहान आहे हे तीच सांगते. बाई खाली बसून भाकरी थापत असेल तर कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर हवा. उभ्यानं घेतलेल्या दृश्यात ती बिचारी दिसते.

उजेडाबाबत, आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. फोन मुळात सेकंदाला ३० फ्रेमवर असतो, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्त एलईडी लहरताना दिसतात, चित्रावर पट्टे येतात. फ्रेम २५ आणि शटर १/५० ठेवा. पट्टे जातात. एखादा दिवा तरीही लहरला तर तो बदला, कॅमेऱ्याशी झगडू नका. खिडकीतला निळसर उजेड आणि पिवळा बल्ब एकत्र आले की कातडीचा रंग बिघडतो. दोन्हींपैकी एक ठेवा आणि व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याची रंगांची जुळणी) हातानं कुलूपबंद करा.

आवाजासाठी पंखा आणि फ्रिज बंद करायचा. फ्रिज बंद करताना स्वतःच्या गाडीची किल्ली आत ठेवा, म्हणजे सुरू केल्याशिवाय घरी जाता येत नाही. घर दुसऱ्याचं असतं, त्यांचं दूध नासवू नये. माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवर असावा. पदराखाली लावलात तर नायलॉनची साडी करकरते, सुती घ्या. मंगळसूत्र माइकवर आपटू नये म्हणून वाटी आतून चिकटपट्टीनं धरा. बांगड्या काढू नका, फक्त त्यांचा आवाज वेगळा घेऊन ठेवा. कुकरची शिटीही वेगळीच. कोणीच न बोलता, न हलता त्या खोलीचा एक मिनिट आवाज भरा, संकलनात तुकडे सांधायला तो लागतोच.

भाकरीचं पत्रात विचारलंय. एक प्रसंग पाच वेळा घ्यायचा तर दहा-बारा भाकऱ्यांचं पीठ लागतं. शाळूचं दळण ताजं हवं. जुन्या पिठाची विरी गेलेली असते, भाकरी थापताना कडेला चिरते आणि तव्यावर टाकताना तुटते. तसंच असेल तर उकळतं पाणी घालून मळा. एकदम सगळं मळून ठेवू नका, पहिला टेक होईपर्यंत ते सुकतं. एका वेळी एकाच भाकरीचा गोळा घ्यावा. नटीनं हे काम महिनाभर आधी सुरू करावं. थापताना भाकरी तळव्याखाली आपोआप गोल फिरते, ती फिरवायला बोटं लावावी लागली की गल्लीतली कुठलीही बाई ओळखते. प्रत्येक टेकआधी बुट्टीतल्या भाकऱ्या मोजून फोटो काढा. आणि कॅमेरा वीस मिनिटं आधी स्वयंपाकघरात आणून ठेवा, नाहीतर वाफेनं काच धुरकटते.

निकोलाला झालेला आजार खरा आहे का? माझी भाची अशीच जेवणानंतर मोरीत जाऊन बराच वेळ बसते. (एक मावशी, गडहिंग्लज)

आजार खरा आहे. त्याला बुलिमिया म्हणतात. लंडनचे डॉक्टर जेराल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये तो स्वतंत्र आजार म्हणून मांडला. थोड्या वेळात खूप खाणं, ते थांबवता न येणं आणि मग ओकून, जुलाबाच्या गोळ्या घेऊन किंवा उपास करून ते भरून काढणं, हे त्याचं रूप. वजन बहुतेकदा नेहमीसारखंच असतं, म्हणून घरात कळत नाही. आमटीची पातेली, बिस्किटांचे पुडे गुपचूप रिकामे होणं, जेवल्या जेवल्या नळ सोडून बसणं, जबड्याखाली दोन्ही बाजूंनी सूज, बोटांच्या सांध्यांवर दातांचे वण, दात झिजून झोंबणं, यातलं काही दिसतं का बघा. वारंवार ओकल्यानं रक्तातलं पोटॅशियम उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. चक्कर, छातीत धडधड किंवा ओकारीत रक्त दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. एरवी आधी फिजिशियनकडून रक्ततपासणी, मग मानसोपचारतज्ज्ञ. मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, मराठीत बोलता येतं. ओकल्यावर लगेच दात घासू देऊ नका. आम्लानं मऊ पडलेलं वरचं कवच ब्रशनं निघतं. नुसत्या पाण्यानं चूळ भरायला सांगा आणि अर्धा तास थांबा.

आणि 'किती खातेस' किंवा 'किती वाळलीस' हे शब्द ताटाजवळ नकोत. चित्रपटात वेंडी रागावते, रडते, पण आमचं तुझ्यावर प्रेम आहे हेही मुलीला सांगते, तेवढं घ्यावं. भाचीला हा चित्रपट दाखवू नका. ओकण्याचा प्रसंग या आजाराच्या माणसाला उलट चाळवू शकतो.

'किचन सिंक' म्हणजे काय? आपल्या मातीत असं कोणी केलं का? (वाचक, शाहूपुरी)

डेव्हिड सिल्व्हेस्टर या समीक्षकानं १९५४ मध्ये जॉन ब्रॅटबी आणि त्याच्या जोडीच्या चित्रकारांच्या चित्रांबद्दल हा शब्द वापरला. ती चित्रं घरातल्या पसाऱ्याची, खरकट्या टेबलांची होती. तिथून तो साध्या, कष्टकरी घरांतलं जगणं दाखवणाऱ्या नाटक-सिनेमाला चिकटला. पाहायचे तर आधी 'सॅटरडे नाइट अँड संडे मॉर्निंग' (१९६०) पाहा. नायक नॉटिंगहॅमच्या सायकल कारखान्यात लेथवर आहे, उद्यमनगरच्या माणसाला पहिल्या मिनिटाला आपलं वाटेल. मग केन लोच यांचा 'केस' (१९६९) आणि त्यांचाच 'रेनिंग स्टोन्स' (१९९३). त्यात बेकार बाप मुलीच्या धार्मिक विधीच्या पांढऱ्या पोशाखासाठी कर्ज काढतो आणि ते कर्ज एका गुंड सावकाराच्या हाती जातं. हसवत हसवत गळा आवळणारा चित्रपट.

सावकार म्हटलं की कोल्हापूरकरानं मागे वळून बघावं. बाबूराव पेंटर यांनी १९२५ मध्ये इथेच 'सावकारी पाश' काढला. जमीन गमावून शहराकडे जाणारा शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. तो मूकपट होता. अंधारी झोपडी आणि बाहेर रडणारं कुत्रं या दृश्याची आठवण जाणकार पुढे कित्येक वर्षं काढत. आवाज नसताना रडणं ऐकू आलं पाहिजे, ही कारागिरी या गावात ब्रिटिशांच्या 'किचन सिंक'च्या कितीतरी आधी होती.

इचलकरंजीत वाचनालयात यंत्रमाग कामगारांसाठी हा चित्रपट मराठी सबटायटल लावून दाखवायचा आहे. भाषा कोल्हापुरी ठेवू का? (वाचक, इचलकरंजी)

आधी परवाना. डीव्हीडी किंवा ओटीटीचं सदस्यत्व घरी पाहण्यापुरतं असतं. सार्वजनिक खेळासाठी आणि भाषांतरासाठी हक्कधारकांची लेखी संमती घ्या.

भाषा कोल्हापुरी ठेवू नका. अँडी 'काय करायलाईस' म्हणाला की लोक पहिल्यांदा हसतील आणि मग शेवटपर्यंत त्यालाच हसत राहतील. साधी, बोलीतली, छोटी मराठी ठेवा. दोन ओळींपेक्षा जास्त नको, एका ओळीत सात-आठ शब्द पुरे, आणि किमान एक-दीड सेकंद, जास्तीत जास्त सहा सेकंद. फाइल यूटीएफ-८ या अक्षरपद्धतीत जतन करा, नाहीतर जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात. सबटायटल मागे-पुढे सरकत असेल तर प्रत तपासा. २४ फ्रेमची वेळ धरून केलेलं सबटायटल २५ फ्रेमच्या प्रतीला लावलं तर मिनिटाला जवळजवळ अडीच सेकंद घसरतं, तासाभरात दोन मिनिटांच्या वर. सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेमरेट बदलला की एका झटक्यात जुळतं. ओळी हातानं सरकवत बसू नका.

वाचनालयात शहाबादी फरशी आणि मोकळ्या भिंती असतील तर आवाज घुमतो. जाजम अंथरा, खिडक्यांना जाड चादरी लावा, स्पीकर पडद्याच्या दोन्ही बाजूंना बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर ठेवा. आठ फुटी पडद्याला अंधार असेल तर तीन हजार ल्युमेनचा प्रोजेक्टर पुरतो.

आदल्या दिवशी शेवटचं दृश्य एकदा लावून पाहाच. जुळ्या बहिणी मागच्या अंगणात बसलेल्या असतात आणि नॅटली निकोलाला विचारते, पैसे हवेत का. त्याआधी शांतता आहे. ओळ अर्धा सेकंद लवकर उमटली तर प्रेक्षक प्रश्न आधी वाचतो आणि नॅटलीला तो विचारायला किती वेळ लागला, हे त्याच्या नजरेतून निसटतं. ती ओळ तिच्या पहिल्या शब्दाबरोबरच आली पाहिजे.